विणीच्या हंगामात किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचे फोटो: अंडी उघडी न पडू देता

सुरय (टर्न), चिखल्या (प्लोव्हर), कालवफोड्या (ऑयस्टरकॅचर) हे पक्षी विणीसाठी झाड शोधत नाहीत. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत किंवा शिंपल्यांच्या चुऱ्यात उथळ खळगा करून त्यात बहुधा दोन-तीन अंडी घालतात. अंड्यांचा रंग आणि ठिपके वाळूत असे मिसळतात की पायाशी असूनही दिसत नाहीत. म्हणून चालायचं ते ओल्या वाळूतूनच. चिखल्याची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच खळगा सोडतात आणि धोक्याची हाक ऐकताच जमिनीला चिकटून निपचित पडतात, कधी गाडीच्या चाकोरीत तर कधी पावलाच्या ठशात. ती पळून जातील या भरवशावर राहू नका.

जाण्यापूर्वी भरतीची वेळ पाहा. ती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी इतकं वर चढतं की चालायला ओली पट्टीच उरत नाही, आणि पक्षीही खळग्यांजवळच्या अरुंद जागेत दाटतात. अशा दिवशी ऐन भरतीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत किनारा त्यांच्यासाठी मोकळा ठेवा. ओहोटी लागली की पक्षी चरायला उघड्या चिखलावर येतात. फोटोसाठी हीच वेळ उत्तम, कारण तिथे घरटं नसतं.

पक्ष्यापासून किती मीटर दूर राहायचं, याचा सगळ्या जातींना लागू पडेल असा आकडा नाही. अंतर पक्षीच सांगतो. चरणं थांबवून तो ताठ उभा राहिला किंवा मान झटक्याने वर-खाली करू लागला, की जागीच थांबा. चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत निघाला किंवा सुरय डोक्यावर झेपा घेऊ लागला, तर आपण फार जवळ आलो आहोत. आल्या वाटेने मागे फिरा आणि पक्षी परत अंड्यांवर बसेपर्यंत दूर राहा. ते मोडक्या पंखाचं सोंग टिपण्याचा मोह मोठा असतो, पण ते चालू असेपर्यंत अंडी उघडी असतात. भर उन्हात आई-बाप अंड्यांवर सावली धरून बसतात, काही जाती तर पोटाची पिसं भिजवून आणून अंडी गार ठेवतात. तापल्या वाळूत थोडा वेळही सावली हटली तर आतला जीव मरू शकतो. कावळेही टपलेलेच असतात, म्हणून खळग्याजवळ काठी रोवून खूण करू नका. कुत्रा, ड्रोन, फ्लॅश आणि पक्ष्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवणं, यांतलं काहीही नको.

४०० ते ६०० मिमीची लेन्स घ्या. पाण्याच्या कडेला आडवं पडून पक्षी चरत चरत जवळ येण्याची वाट पाहा. ट्रायपॉडचं डोकं जुन्या परातीवर पक्कं बसवलं तर कॅमेरा वाळूवर सरकवता येतो आणि लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर येते. वारा आणि सूर्य दोन्ही पाठीमागे असतील अशी जागा निवडा: पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उतरतात, त्यामुळे उजळलेला चेहरा समोर येतो.

धावत्या चिखल्यासाठी शटरचा वेग १/१००० सेकंद पुरतो; सूर मारणाऱ्या सुरयसाठी १/२५०० ते १/३२०० लागतो. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/५.६ ते एफ/८. काळपट पाण्यावर पांढरा पक्षी असला की कॅमेरा फसतो आणि पिसांचा तपशील उडतो. तिथे एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) २/३ ते १ स्टॉप कमी करा; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. उजळ वाळूवर मात्र उलट, थोडं वाढवावं लागतं. उडत्या पक्ष्यामागची पार्श्वभूमी क्षणोक्षणी बदलते, म्हणून मॅन्युअलवर पांढऱ्या पिसांनुसार एक्स्पोजर बांधून ठेवणं जास्त खात्रीचं.

ऊन चढल्यावर फोटो मऊ, म्हणजे धूसर, येऊ लागले तर लेन्सला दोष देऊ नका. तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते आणि दुरून काढलेल्या फोटोत तीच उमटते. शटर कितीही वेगवान ठेवला तरी ती जात नाही. तेव्हा आवरतं घ्या. नाहीतरी अंड्यांना सावलीची सर्वांत जास्त गरज याच वेळी असते.

किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. परतल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेऱ्यावरचं आणि लेन्सच्या नळीवरचं मीठ पुसा, शेवटी कोरडं फडकं. उलट क्रमाने पुसलं तर वाळूचे कण काचेवर चरे पाडतात. फोटो टाकताना त्यातली जीपीएस नोंद काढा आणि जागा ओळखू येईल असा दीपगृह किंवा खडक चौकटीत असेल तर तो कापा, निदान पिल्लं उडेपर्यंत.