रोजचा ताण: आधी अंगातला, मग डोक्यातला

ताण आलेल्या माणसाला साधारण दोन सल्ले मिळतात. "शांत हो, एवढा विचार करू नकोस" हा एक. "विचार कसला करतोस, कामाला लाग" हा दुसरा. दोन्ही खरे आहेत, फक्त त्यांचा क्रम पाळावा लागतो. छाती धडधडत असताना हिशेबाला बसलं की आकडे चुकतात. आणि अंग कितीही सैल केलं तरी हप्त्याची तारीख पुढे सरकत नाही. म्हणून आधी अंगाचं बघायचं, मग कागद-पेन घ्यायचं.

"जरा केबिनमध्ये या" एवढा मेसेज आला तरी मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी काही सेकंदांत ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक सोडतात. नाडी वाढते, तळहात गार पडतात, पचनाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं आणि पोटात गोळा येतो. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक वाढतं, ते उतरायला जास्त वेळ लागतो. पळण्यासाठी किंवा झगडण्यासाठी ही तयारी उत्तम आहे, पण केबिनमध्ये आपण खुर्चीवर बसून "हो सर" म्हणत असतो. चढलेला ताण उतरला तर काही बिघडत नाही. परीक्षेआधीची धडधड अभ्यासही करून घेते. बिघडतं ते उतरायला सवड न मिळाल्यामुळे. केबिननंतर लोकल, लोकलनंतर मुलांचा अभ्यास, त्यानंतर सोसायटीच्या ग्रुपवरचं पाण्याच्या टाकीचं भांडण.

ताण चढल्याची पहिली खूण प्रत्येकाची वेगळी असते. कुणाचं पित्त उसळतं, कुणाची मान धरते, कोणी घरच्यांवर खेकसतं. ती ओळखायला आठवडाभर दिवसातून तीनदा स्वतःला तपासा: दुपारच्या जेवणाआधी, घरात शिरताना आणि झोपण्याआधी. खांदे कानांकडे चढलेत का? वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकलेत का? चावताना-गिळताना सोडलं तर दात टेकलेले नसावेत. ओठ मिटलेले आणि दात सुटे, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. सकाळी उठल्यावर कानशिलं दुखत असतील तर रात्री दात आवळले जात असण्याची शक्यता आहे. ते दंतवैद्याला दाखवा.

आता श्वास. "दीर्घ श्वास घ्या" या सल्ल्यानेच अनेकांचं बिनसतं. छाती फुगवून भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. श्वास मोठा नको, संथ हवा. पाठ टेकून बसा, एक हात पोटावर ठेवा. नाकाने नेहमीइतकाच श्वास घ्या, मनात चारपर्यंत मोजत. मग सहापर्यंत मोजत सोडा. मध्ये रोखून धरायचा नाही. सोडताना नाडी मंदावते, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. या गतीने मिनिटाला सहा श्वास होतात. मोजायला घड्याळ नको: अंगठा सोडून चार बोटांची बारा पेरं होतात. एका पेराला एक श्वास धरला की एक फेरी दोन मिनिटांची, आणि अडीच फेऱ्यांत पाच मिनिटं होतात. सहा मोजताना दम लागला तर तीन आणि चारवर या. तरीही गरगरलं तर थांबा आणि आपसूक चालतो तसा श्वास चालू द्या.

धडधड सुरू झाल्यावरच पहिल्यांदा करून पाहिलं तर हे जमत नाही. पोहणं बुडताना शिकता येत नाही, तसंच आहे. दोन आठवडे रोज एकदा, सगळं ठीक असताना करा. अडचणीच्या वेळी मग ते हाताशी असतं.

श्वासाकडे लक्ष दिलं की काहींना उलट जास्तच अस्वस्थ वाटतं. त्यांनी स्नायूंकडून सुरुवात करावी. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२०च्या दशकात मांडलेली ही पद्धत आहे: स्नायू आधी मुद्दाम आवळायचा, मग एकदम सोडायचा. मुठी, मग खांदे, चेहरा, पोट, मांड्या, पोटऱ्या, या क्रमाने. पाच ते सात सेकंद आवळा आणि वीस-तीस सेकंद सैल सोडून तिथे काय वाटतंय ते बघा. जोर लावायचा तो निम्माच. पूर्ण ताकदीने मान आवळली की दुसऱ्या दिवशी ती धरते. पोटऱ्यांसाठी पावलं पुढे ताणू नका, पेटका येतो. पायाची बोटं स्वतःकडे ओढा. सगळं मिळून तीन-चार मिनिटं लागतात. लोकलमध्ये उभ्याने फक्त खांदे आणि मोकळी मूठ केली तरी चालेल.

चालण्याबद्दल एवढंच: कामावरून आल्यावर दहा मिनिटं झपाझप, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. फोन घरी ठेवून.

चहाचं मात्र नीट बघायला हवं. कॅफीन निम्मं उतरायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहाचा निम्मा अंमल रात्री अकराला शिल्लक असतो. उपाशीपोटी तीन कटिंग घेऊन होणारी धडधड आणि ताणाची धडधड यांतला फरक अंगाला कळत नाही. दुपारी दोननंतरचे कप बंद करा, पण एका दिवसात नको. डोकं दुखतं आणि माणूस परत चहाकडे वळतो. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण उत्तररात्री ती मोडते.

अंगातला ताण जरा उतरला की कागद. रोज एक ठरावीक वेळ धरा, पंधरा-वीस मिनिटं, झोपण्याच्या किमान दोन तास आधी. सकाळी ऑफिसात काळजी डोकावली तर तिला तिथेच एका शब्दात टिपा आणि संध्याकाळवर ढकला. वेळ झाली की डोक्यात आहे ते सगळं लिहा आणि प्रत्येक ओळीसमोर विचारा: यात माझ्या हातात काही आहे का?

इथे लोक हमखास अडतात, कारण लिहिलेलं फार मोघम असतं. "आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन" ही ओळ तशीच ठेवली तर रोज रात्री भेटायला येणार. ती फोडा. विमा कंपनीला फोन करून कॅशलेसची आगाऊ मंजुरी कशी मिळते ते विचारणं, बुधवारी अकरा वाजता. आईची रक्तदाबाची आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू ठेवायची का, हे नेत्रतज्ज्ञांना विचारणं. त्या दिवसाची रजा. ऑपरेशननंतर डोळ्यात थेंब घालायला दुपारी घरी कोण, हे बहिणीशी बोलणं. यातली प्रत्येक गोष्ट एका बैठकीत संपते. "ऑपरेशन नीट होईल ना" ही ओळ उरते. ती हातात नसलेल्या रकान्यात जाते, आणि तिच्यासाठी श्वास आहे.

नातेवाइकाला किंवा साहेबाला "नाही" म्हणायचं असेल तर तेही वाक्य इथेच लिहून ठेवा. "या आठवड्यात जमणार नाही, सोमवारनंतर सांगतो." कारणं जोडू नका, प्रत्येक कारणावर समोरच्याकडे तोडगा तयार असतो.

अंथरुणात वीसेक मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं तर उठा (घड्याळ बघू नका, अंदाजाने), मंद उजेडात खुर्चीत बसा आणि डोळे जड झाल्यावरच परत या. पडून कुशी बदलत राहिलं की अंथरूण ही काळजीची जागा होऊन बसते. रात्र कशीही गेली तरी सकाळी नेहमीच्याच वेळी उठा.

सगळंच ताणाच्या खात्यावर टाकणंही धोक्याचं. धडधड, थकवा, चिडचिड ही थायरॉइड, रक्त कमी असणं किंवा बी-१२ ची कमतरता यांचीही लक्षणं आहेत, त्यामुळे महिनाभरात फरक नाही पडला तर डॉक्टरांना दाखवून या तपासण्या करून घ्या. छातीत दाब येतोय, वेदना जबड्याकडे किंवा हाताकडे जातेय, घाम फुटलाय, अशा वेळी श्वास मोजत किंवा पित्त समजून सोडा पीत बसू नका. १०८ला फोन करा. मधुमेह असेल तर वेदना कमी किंवा अजिबात नसू शकते, नुसता दम आणि घाम दिसतो. आणि दोन आठवडे कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.