पब्लिक डिप्लोमसीत जायचंय? मराठवाड्यातल्या पोरांसाठी थोडं सविस्तर

फॉरेन सर्व्हिस म्हणलं की आपल्याकडच्या पोरांना फक्त राजदूताची झेंडा लावलेली गाडी दिसते. दोन सरकारांची बोलणी वेगळी, अन् दुसऱ्या देशातल्या साध्या माणसाला आपला देश समजावून सांगणं वेगळं. हे दुसरं म्हणजे पब्लिक डिप्लोमसी, अन् त्यात सगळे आयएफएस (भारतीय परराष्ट्र सेवेतले अधिकारी) नसतात.

यूपीएससीचा रस्ता माहितीच आहे. मेन्स आणि इंटरव्ह्यू मराठीत देता येतो, पण प्रिलिम्सचा पेपर हिंदी-इंग्रजीतच असतोय अन् मेन्सला इंग्रजीचा एक पेपर पास व्हावंच लागतं, म्हणून इंग्रजीला घाबरून पळू नका. आयएफएसला जागा मोजक्या, रँक वरची लागते, अन् निवड झाली की एक परदेशी भाषा कम्पल्सरी शिकावी लागते. एसएससी सीजीएल, म्हणजे पदवीधरांसाठीची केंद्राची भरती परीक्षा, तिच्यातून पण परराष्ट्र मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर होता येतं, पुढं परदेशात पोस्टिंग बी मिळतं, आपल्याकडं हे कुणी सांगतच नाही. तिसरं आयसीसीआर, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, मौलाना आझादांनी 1950 साली काढलेली संस्था, तिची परदेशात सांस्कृतिक केंद्रं आहेत, तिथं योगा, कथक, तबला शिकवणारे लागतात. तबल्यात विशारद करून घरी बसलेल्यांनी त्यांच्या वेबसाइटवरच्या जाहिराती बघत जा.

आता तयारी. क्लासची फी भरायच्या आधी अजिंठ्याला जा, 17 नंबरच्या लेणीत सिंहल राजाची गोष्ट रंगवलीय, राक्षसींच्या बेटावर तो फौज घेऊन उतरतो, अन् ते बेट म्हणजे लंका. आता ही गोष्ट श्रीलंकेहून आलेल्या माणसाला कशी सांगाल? "आमच्या राजानं तुमचा देश जिंकला" म्हणलात तर संपलं सगळं! त्याला बुद्ध कोण हे सांगायची गरज नाही, जातककथा (बुद्धाच्या मागच्या जन्मांच्या गोष्टी) त्याला तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतील, उलट त्यालाच विचारा की तुमच्याकडं ही गोष्ट कशी सांगतात. युरोपातून पहिल्यांदा आलेल्याला मात्र बुद्धापासून सुरुवात करावी लागते. दोघांसाठी वेगवेगळं एकेक पान लिहा, मोठ्यानं वाचा, इतिहासाच्या मास्तरांना दाखवा. जपानी शिकायचा विचार असंल तर अजून चांगलं, अजिंठा-वेरूळच्या विकासाला जपाननं कर्ज दिलेलं आहे, त्यामुळं बोलायला विषय तयारच आहे. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा पुण्यात होते, एन-5 या सगळ्यात सोप्या पातळीपासून सुरू करा.

संभाजीनगरला विद्यापीठात परदेशी पोरं भेटतात. त्यांना नुसतं सेल्फीपुरतं गाठू नका, त्यांच्या गावाकडं भारताबद्दल काय बोलतात ते विचारा, अन् उत्तर आवडलं नाही तरी मधी तोडू नका.