कोकणात जुनी मोठी फोर-स्ट्रोक डर्ट बाइक घेताना

जुनी डर्ट बाइक बघायला गेलं की नजर आधी सीसीवर आणि टायरवर जाते. कोकणात ती आधी एअर फिल्टरवर जायला हवी. इथे इंजिनाची वाट लावते ती जांभ्याची लाल धूळ, आणि बाकीच्या गाडीची वाट लावतं खारं वारं नि पावसाचं पाणी. या तिन्हींच्या खुणा ओळखता आल्या तर मालक काय सांगतो यावर फारसं अवलंबून राहावं लागत नाही.

सगळ्यात आधी गाडीची जात बघा. कावासाकीची केएक्स ४५० किंवा सुझुकीची आरएम-झेड ४५० ही मोटोक्रॉसच्या शर्यतीची यंत्रं. त्यांत ऑइल जेमतेम लिटरभर मावतं, हळू चालवलं की ती तापतात, आणि पिस्टन-व्हॉल्व्हचा हिशेब किलोमीटरवर नाही, तासांवर चालतो. हौसेच्या ट्रेल रायडिंगला ती घेऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. केएलएक्स ४५०आर त्याच घराण्यातली, पण ट्रेलसाठी नरम केलेली आणि सेल्फ स्टार्ट असलेली, म्हणून बरी. मात्र या तिन्हींची भारतात रस्त्यासाठी नोंदणी होत नाही; वाटेच्या तोंडापर्यंत टेम्पोतूनच न्यावी लागते.

पासिंगची गाडी हवी तर रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन ४११ सहज मिळते. पुढचं चाक २१ इंची आणि ग्राउंड क्लीअरन्स २२० मिमी. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावरच्या, मोकळ्या वाटांना आणि घाटरस्त्यांना झकास. पण वजन दोनशे किलोच्या घरात. व्हाळातल्या (ओढ्यातल्या) गोट्यांवर आडवी झाली तर एकट्याने उभी करणं कठीण, आणि अरुंद पाखाडीत (पायऱ्यांच्या वाटेत) तर नकोच. मोठ्या इंजिनाचा हट्ट नसेल तर हीरोची एक्सपल्स २०० चाळीसेक किलोने हलकी आहे आणि तिचे पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात.

आता फिल्टर. सीट किंवा बाजूचं पॅनल काढून फिल्टर बाहेर घ्या. फोमचा असेल तर तो फिल्टर ऑइलने चिकट लागायला हवा. कोरडा, चुरा पडणारा किंवा शिवणीवर उसवलेला असेल तर तिथेच सावध व्हा. मग स्वच्छ पांढरं फडकं बोटाला गुंडाळून फिल्टरच्या पलीकडे, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या आत फिरवा. फडक्यावर तेलाचा पुसट डाग आला तर चालेल. तांबडी पूड आली तर धूळ इंजिनात गेलेली आहे, आणि मग गाडी किती चकचकीत आहे याला काही अर्थ उरत नाही.

धूळ नेमकं काय करते? शर्यतीच्या जातीच्या बऱ्याच इंजिनांत इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारे) टायटॅनियमचे असतात. त्यांच्यावरचा कडक थर बारीक धुळीने घासला गेला की व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातो. टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, वाढत नाही, उलट कमी होतो. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो, गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते, आणि तरीही दामटली तर व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडतो. मग हेड, पिस्टन, सिलिंडर सगळंच जातं. म्हणून गॅप थंड इंजिनावर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून घ्या. आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो. ४५०च्या इंजिनांत इनटेकला साधारण ०.१० ते ०.१५ मिमी असा. गॅप बरोबर निघाला तरी शिम (गॅप जुळवायची छोटी चकती) पूर्वी किती वेळा बदलली ते विचारा. थोड्याच तासांत पुन्हा पुन्हा पातळ शिम घालावी लागली असेल तर तो व्हॉल्व्ह संपलेला आहे.

मालकाला आधीच फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर इंजिनाला हात लावून पाहा; कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड गाडी थोड्या प्रयत्नात सुरू व्हावी. मग वीसेक मिनिटं चालवून, बंद करून, लगेच परत सुरू करा. गरम असताना किक मारून मारून दम निघत असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह घट्ट झालेत. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, निदान हाफ इंजिनचं काम. गोडसर वासाचा पांढरा धूर, दुधाळ ऑइल किंवा रेडिएटरमध्ये येणारे बुडबुडे म्हणजे बहुतेक हेड गॅस्केट. रेडिएटरचं झाकण गाडी गार असतानाच उघडा. नुसत्या कॉम्प्रेशन गेजवर मात्र विसंबू नका: ४५०च्या इंजिनांत ऑटो डीकॉम्प्रेशन असतं, म्हणजे स्टार्ट करताना व्हॉल्व्ह किंचित उघडा राहून दाब कमी होतो, त्यामुळे आकडा कमीच दिसतो. लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते बघणं) करणारा मेकॅनिक मिळाला तर उत्तम.

तासांचं मीटर नवं लावता येतं, झीज लपवता येत नाही. बुटाने घासून पांढरी पडलेली फ्रेम, गुळगुळीत झालेला क्लच कव्हर, दात बोथटलेले फूटरेस्ट हे मीटरपेक्षा खरं बोलतात.

खाऱ्या हवेचं नुकसान खालच्या अंगाला शोधा. इंजिनखालची बॅश प्लेट खोलायला सांगा. तिच्यात अडकलेला लाल चिखल पावसाळाभर ओला राहतो आणि लोखंडी फ्रेमच्या खालच्या नळ्या आतून-बाहेरून गंजतात. शंका आली तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहा. गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक वर-खाली उचला. खट्कन खेळ जाणवला तर लिंकेजचे (मागच्या शॉकला चिमट्याशी जोडणाऱ्या सांध्याचे) बेअरिंग गेले. चिमट्याचा (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा) आडवा बोल्ट सुटतो का, हेही बघा. मिठाने अ‍ॅल्युमिनियममध्ये धरलेला बोल्ट काढताना चिमटाच खराब होऊ शकतो. फोर्कच्या नळीवर नखाला लागतील असे खड्डे असतील तर ऑइल सील कितीदाही बदला, गळतंच. वायरिंगचे दोन-तीन कपलर सोडून पितळ हिरवं पडलंय का ते पाहा. टाकी लोखंडी असेल तर आत टॉर्च मारा. जून ते सप्टेंबर पडवीत उभ्या राहिलेल्या गाडीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलात पाणी धरतं, म्हणून कार्ब्युरेटरचे जेट तुंबतात आणि टाकीला गंज चढतो. चेन, ब्रेक पॅड, टायर ही झीज ठरलेलीच. ती किमतीतून वजा करा.

पासिंगच्या गाडीला आरसीवरचे इंजिन आणि चेसिस नंबर प्रत्यक्ष जुळवा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी नि फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. बिननंबरच्या गाडीचं मूळ खरेदी बिल आणि आयातीची कागदपत्रं नसतील तर सोडून द्या, कितीही स्वस्त असो.

चालवायची कुठे हेही घेण्याआधी ठरवा. पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) गाडी घालू नका, पोलीस कारवाई करतात आणि ते योग्यच आहे. खाजगी सड्यावर जमीनमालकाला विचारूनच जा. बारसू, देवीहसोळ, उक्षी, कशेळी अशा सड्यांवर कातळशिल्पं आहेत आणि अनेक ठिकाणी त्यांना कुंपणही नाही. नॉबी (मोठ्या गाठींचे) टायर तिथे फिरता कामा नये.

गाडी घरी आली की पहिल्या राइडआधी ऑइल आणि ऑइल फिल्टर, कूलंट, ब्रेक फ्लुइड बदला, एअर फिल्टर नवाच घाला, लिंकेज आणि कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) खोलून वॉटरप्रूफ ग्रीस भरा. जुनं ऑइल पांढऱ्या पत्र्यावर ओतून उन्हात धरा: बारीक करडी चमक चालते, बोटाला टोचणारा कण चालत नाही. पहिल्या दोन तासांनंतर स्पोक आणि स्प्रॉकेटचे बोल्ट पुन्हा आवळून घ्या.