व्हॉइसमेलचे निरोप झटपट ऐकण्यासाठी फोन असा लावून घ्या

निरोप वीस सेकंदांचा आणि तो ऐकण्याचा खटाटोप दीड मिनिटाचा, अशी व्हॉइसमेलची गत असते. नंबर लावा, पिन टाका, "नवीन निरोप ऐकण्यासाठी एक दाबा" ही टेप शेवटपर्यंत ऐका, तेव्हा कुठे निरोप सुरू होतो. यातली जवळजवळ प्रत्येक पायरी फोनवर सोपवता येते, आणि त्यासाठी एकदाच दहा मिनिटं बसावं लागतं.

सुरुवात डायल पॅडवरच्या १ पासून करा. हे बटण दाबून धरलं की बहुतेक फोन थेट व्हॉइसमेलला कॉल लावतात. कॉल लागण्याऐवजी "व्हॉइसमेल नंबर सेट केलेला नाही" असं आलं, तर सिम बदलल्यावर किंवा नवीन फोन घेतल्यावर नंबर फोनपर्यंत पोहोचलेला नाही असं समजा. अँड्रॉइडवर फोन ॲप उघडा, वरच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्जमध्ये जा आणि व्हॉइसमेलच्या पानावर नंबर भरा. काही कंपन्यांत निरोप ठेवण्याचा नंबर वेगळा आणि ऐकण्याचा वेगळा असतो. इथे ऐकण्याचा लागतो. चुकून दुसरा भरलात तर तुम्हाला तुमचंच स्वागत ऐकू येईल आणि पुढे काहीच होणार नाही.

तुमची कंपनी व्हिज्युअल व्हॉइसमेल देत असेल तर आधी तेच चालू करा, कारण मग कॉल लावायचीच गरज उरत नाही. निरोप ध्वनिफितीच्या रूपात फोनमध्ये उतरतात, ईमेलसारखी यादी दिसते, आणि चौथा निरोप आधी ऐकायचा तर चौथ्यावर बोट ठेवायचं. अँड्रॉइडवर त्याच व्हॉइसमेलच्या पानावर त्याचं बटण असतं. आयफोनवर फोन ॲपमधल्या व्हॉइसमेलमध्ये जाऊन सेटअप सुरू करायचा, पासवर्ड दोनदा टाकायचा, स्वागताचा संदेश निवडायचा आणि सेव्ह करायचं. यादी ताजी होत नसेल तर वाय-फायवर असलात तरी मोबाइल डेटा चालू करून बघा. काही कंपन्या हे निरोप फक्त मोबाइल डेटावरूनच उतरवू देतात. जपून ठेवायचा निरोप शेअरच्या बटणातून फाइलमध्ये काढून घ्या, कारण कंपनीच्या सर्व्हरवरचे निरोप ठरावीक मुदतीनंतर पुसले जातात.

ही सोय नसेल तर खरा उपयोगी पडतो तो नंबरातला स्वल्पविराम. फोन नंबरात स्वल्पविराम टाकला की फोन साधारण दोन सेकंद थांबतो आणि मग पुढचे आकडे टोनच्या रूपात पाठवतो. अर्धविराम टाकला तर तो तिथेच थांबून राहतो आणि तुम्ही हो म्हटल्यावरच पुढचे आकडे पाठवतो. म्हणजे पिन आणि मेनूतला आकडा दोन्ही नंबरालाच जोडता येतात. नवीन कॉन्टॅक्ट करा आणि नंबराच्या जागी असं लिहा:

व्हॉइसमेलचा नंबर,,,४८२७#;१

इथे ४८२७ हा नमुन्याचा पिन, # म्हणजे पिन संपला ही खूण, आणि शेवटचा १ नवीन निरोपांसाठी. तुमच्या कंपनीत # लागत नसेल किंवा निरोपांसाठी दुसरा आकडा असेल, तर तसा बदल करा. आयफोनवर कॉन्टॅक्टचा नंबर भरताना डावीकडे खाली चिन्हांचं बटण असतं. ते दाबल्यावर पॉज आणि वेट असे पर्याय येतात. बहुतेक अँड्रॉइड फोनांत नंबर टाइप केल्यावर तीन ठिपक्यांत हेच दोन पर्याय मिळतात.

स्वल्पविराम किती, हे अंदाजाने ठरवू नका. एकदा साधा कॉल लावा, स्पीकरवर टाका आणि कॉल जोडला गेल्यापासून पिन मागून होईपर्यंत किती सेकंद जातात ते घड्याळावर मोजा. रिंग वाजते तो वेळ धरायचा नाही, कारण फोनचं थांबणं कॉल जोडल्यानंतरच सुरू होतं. पाच सेकंद लागले तर तीन स्वल्पविराम. आकडे लवकर गेले तर यंत्रणा तेव्हा ऐकतच नसते, पहिले एक-दोन आकडे गळतात आणि "पिन चुकीचा आहे" असं उत्तर येतं. असं झालं की पिनवर शंका घेऊ नका, एक स्वल्पविराम वाढवा. सलग काही वेळा चुकीचा पिन गेला तर बरेचदा व्हॉइसमेल लॉक होतं, म्हणून दोनदा फसलं की थांबा आणि पिन हाताने टाकून बघा.

पिननंतर मी अर्धविराम ठेवला आहे, त्याला कारण आहे. "तुमच्यासाठी इतके नवीन निरोप आहेत" हे वाक्य दर वेळी सारख्या लांबीचं नसतं, त्यामुळे तिथे सेकंद मोजून भागत नाही. तुमच्या यंत्रणेत टेप चालू असतानाच बटण दाबून पुढे जाता येत असेल, तर मात्र अर्धविरामाच्या जागी एक स्वल्पविराम पुरतो. निरोप पुसणं, पुन्हा ऐकणं, पुढच्यावर जाणं यांचे आकडे कंपनीगणिक बदलतात. एकदा मेनू नीट ऐकून ते त्याच कॉन्टॅक्टच्या नोंदीत लिहून ठेवा.

दोन सिम असतील तर एक हमखास घोटाळा होतो. कॉल दुसऱ्या सिमवरून गेला की यंत्रणा तुम्हाला ओळखत नाही आणि पिनऐवजी आधी मोबाइल नंबर मागते. तुमचा पिन जाऊन पडतो त्या नंबराच्या जागी. त्या कॉन्टॅक्टला एकच सिम कायमची नेमून द्या. मग तो फेव्हरिट्समध्ये घाला. अँड्रॉइडवर होम स्क्रीनवर बोट दाबून धरून विजेट्समधून थेट डायलचं विजेटही ठेवता येतं: एक टॅप आणि कॉल सुरू.

आता पिनचं. कॉन्टॅक्टमध्ये लिहिलेला पिन उघडा असतो. तो क्लाउडवर जातो, कॉल लॉगमध्ये दिसू शकतो, आणि ब्लूटूथने गाडीला फोन जोडला की फोनबुकाबरोबर गाडीच्या स्क्रीनवरही पोहोचतो. भाड्याच्या गाडीत हे विशेष सांभाळा. म्हणून हा पिन फक्त व्हॉइसमेलचाच ठेवा, बँकेचा किंवा फोनच्या लॉकचा नको. काही कंपन्या स्वतःच्या नंबरावरून कॉल आल्यास पिन विचारत नाहीत. सोय मोठी आहे, पण कॉल करणाऱ्याचा नंबर खोटा दाखवता येतो, तेव्हा ती घेण्याआधी विचार करा. आणि कंपनीने दिलेला मूळ पिन पहिल्याच दिवशी बदला. ब्रिटनमधलं 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे साप्ताहिक २०११ मध्ये ज्या प्रकरणात बंद झालं, त्यात लोकांच्या व्हॉइसमेलमध्ये शिरण्यासाठी न बदललेल्या पिनांचाही उपयोग झाला होता.

फोन उचलायच्या आत कॉल व्हॉइसमेलला जात असेल तर रिंगचा वेळ वाढवा. जीएसएम पद्धतीच्या नेटवर्कवर *#६१# डायल केलं की न उचललेले कॉल कोणत्या नंबरावर जातात ते दिसतं. तो नंबर लिहून घ्या आणि **६१*तो नंबर*११*३०# डायल करा. ३० म्हणजे सेकंद. ५ ते ३० पर्यंत पाचाच्या पटीतच आकडा चालतो. सगळ्याच कंपन्या हा बदल स्वीकारत नाहीत. ६१ च्या जागी २१ पडलं तर फोन न वाजताच सगळे कॉल तिकडे वळतील, ते ##२१# ने रद्द होतं. अनोळखी माणसाने फोनवर सांगितलेला असा कोड मात्र कधीही डायल करू नका. तुमचे कॉल, आणि त्यांवर येणारे ओटीपी, स्वतःकडे वळवून घेण्याची ती जुनी युक्ती आहे.

सगळे निरोप ऐकूनही वरच्या पट्टीतलं व्हॉइसमेलचं चिन्ह जात नसेल, तर "आता काही शिल्लक नाही" हा नेटवर्कचा संकेत फोनपर्यंत आलेला नसतो. दुसऱ्या फोनवरून स्वतःलाच एक छोटा निरोप ठेवा, तो ऐका आणि पुसा. पुसताना नवा संकेत येतो आणि चिन्ह सहसा निघून जातं. तरीही हटलं नाही, तर फोन एकदा बंद करून चालू करा.