बंदराचं पाणी निवळायचं असेल, तर झाडं ओढ्याकाठी लावा

बंदराचं पाणी गढूळ झालं की सगळ्यांची नजर बंदरावरच जाते. गाळ उपसा, कचरा वेचा, अशी मागणी होते. गाळ मात्र वरून येत असतो: ढासळत्या ओढ्याकाठांवरून, उघड्या उतारांवरून, गुरांनी तुडवलेल्या पाणवठ्यांवरून. खाली येऊन तो कालवांवर, म्हणजे खडकांना चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांवर, बसतो, समुद्रगवताचा उजेड अडवतो आणि माशांची पिल्लं वाढतात त्या जागा बुजवतो. म्हणून फावडं उचलण्याआधी बंदराकडे पाठ करा आणि ओढ्याच्या काठाने वर चालायला लागा.

जपानमध्ये केसेन्नुमाजवळ कालवांची शेती करणाऱ्या शिगेआत्सु हाताकेयामा यांनी हेच केलं. खाडी बिघडत चाललेली पाहून त्यांनी १९८९ मध्ये सोबतच्या मच्छीमारांना घेऊन नदीच्या उगमाकडच्या डोंगरावर रुंद पानांची झाडं लावायला सुरुवात केली. न्यूझीलंडमधल्या रॅग्लन इथे १९९५ मध्ये ‘फाइंगारोआ हार्बर केअर’ हा गट उभा राहिला. त्यांनी शेतकऱ्यांना सोबत घेऊन ओढ्यांना कुंपणं घातली आणि दहा लाखांहून जास्त स्थानिक रोपं लावली. दोन्हीकडे कामाची सुरुवात खाडीच्या पाण्यापासून दूर, जमिनीवर झाली.

आधी गाळ कुठून येतो ते शोधा

बंदराला मिळणारे सगळे ओढे नकाशावर काढा. मग जोराचा पाऊस झाला की प्रत्येक ओढ्याचं पाणी एकसारख्या काचेच्या बरणीत भरा. पुराच्या पाण्यात कुणीही उतरायचं नाही; पुलावरून दोरीने बादली सोडा. बरणीवर ओढ्याचं नाव, तारीख आणि वेळ लिहा आणि ती रात्रभर हलवू नका. सकाळी बरण्या उजेडासमोर ओळीने ठेवा. एकीच्या तळाशी जेमतेम धूळ दिसेल, दुसरीच्या तळाशी तपकिरी थर. ज्या बरणीत थर जाड, त्या ओढ्यापासून सुरुवात करा. गावाच्या बैठकीत आकड्यांच्या तक्त्यापेक्षा या बरण्या लोकांना लवकर पटतात, हेही लक्षात ठेवा.

त्यानंतर जमीनमालकांना भेटा. शेतकऱ्याला दोष देत गेलात, तर काम तिथेच संपलं. त्याचाही काठ दर पावसात वाहून जातोय, तिथूनच बोलणं सुरू करा. नदीपात्र, किनारा किंवा सरकारी जमीन असेल, तर लेखी परवानगी आधीच घ्या.

कुंपण पहिलं, रोप नंतर

गुरं चरतात अशा ठिकाणी कुंपणाशिवाय लावलेलं रोप म्हणजे गुरांना वैरण. ओढ्यापासून जितकं मागे सरकता येईल तितकं सरका. पाच मीटरची पट्टीही काम देते, पण उतार तीव्र असेल तर जास्त हवी. गुरांसाठी कुंपणाबाहेर पाण्याची टाकी ठेवा. ती नसेल, तर कुंपण फार दिवस टिकणार नाही.

कुठे काय लावायचं

स्थानिक झाडं म्हणजे त्याच खोऱ्यात आपसूक उगवणारी झाडं. देशात कुठेतरी सापडतात एवढं पुरेसं नाही. जवळचा एखादा जुना, न तुडवलेला काठ शोधून त्याची नक्कल करा. पाण्यालगत लव्हाळ्यासारख्या, पुरात लवून पुन्हा उभ्या राहणाऱ्या वनस्पती, त्यांच्यामागे झुडपं, आणि पुराचं पाणी क्वचित पोहोचतं तिथे मोठे वृक्ष. मोठा वृक्ष अगदी काठावर लावला, तर तो पुरात उन्मळताना काठही सोबत नेतो.

खाऱ्या पाण्याजवळ आलात की जपून. भरतीला बुडणारी चिखलपट्टी रिकामी दिसली, तरी किनारपक्षी तिथे चरतात आणि शिंपले तिथे राहतात. पूर्वी जिथे खारफुटी नव्हती, तिथे ती लावू नका. खाडीच्या वरच्या टोकाला, उधाणाच्या भरतीचं खारं पाणी गोड्या पाण्याला भिडतं, तो काठ तर डोळ्यांत तेल घालून राखा. न्यूझीलंडमध्ये इनांगा नावाचा छोटा मासा अशाच जागी, उधाणाच्या भरतीत बुडालेल्या गवताच्या बुडख्यांशी अंडी घालतो. पाणी ओसरलं की ती दमट गवतात राहतात आणि पुढच्या उधाणात फुटतात. मधल्या काळात तिथे गुरं शिरली किंवा कुणी गवत कापलं, तर ती पिढी गेली. अशा ठिकाणी दाट सावली देणारी झाडं न लावता गवत आणि लव्हाळं वाढू द्यावं.

रोपं आणि हिशेब

शंभर मीटर ओढा, दोन्ही काठांना पाच-पाच मीटर पट्टी, म्हणजे हजार चौरस मीटर. दीड मीटर अंतर ठेवलं, तर साधारण ४४५ रोपं लागतात. एक मीटर ठेवलं तर १,०००. दाट लावणीचा खर्च जास्त, पण सावली लवकर धरते आणि तण कमी होतं. पैसे मोजके असतील, तर थोडा ओढा घ्या आणि तो नीट करा.

बी एकाच झाडाचं घेऊ नका. त्याच खोऱ्यातल्या निदान दहा-पंधरा निरोगी झाडांवरून थोडं थोडं गोळा करा आणि पाखरांसाठी मागे ठेवा. रोपवाटिकेला किमान एक वर्ष आधी सांगावं लागतं. लावणीपूर्वी काही आठवडे रोपं उघड्या उन्हावाऱ्यात ठेवून कणखर करा.

लावणीचा दिवस

पावसाळ्याची सुरुवात गाठा. हिवाळ्यात पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हिवाळा. आदल्या दिवशी झेंड्यांनी जागा खुणवा, नाहीतर लोक हौसेने वृक्षाची रोपं पाण्याकाठी लावून मोकळे होतात.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद घ्या, खोली मात्र गोळ्याएवढीच. रोप पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा. पिशवी काढा, मुळं तळाशी गोल फिरली असतील तर बोटांनी हळूच सोडवा. खोड आणि मूळ जिथे मिळतात ती जागा जमिनीच्या पातळीत हवी. खोल पुरलेलं खोड कुजतं. माती टाचेने दाबा आणि एक पान चिमटीत धरून हलकेच ओढा. रोप वर आलं तर पुन्हा दाबा. आच्छादन खोडापासून चार बोटं दूर ठेवा. पुराच्या पट्ट्यात सुटा पालापाचोळा आणि रोपांभोवती घालायची प्लॅस्टिकची कवचं नकोत, ती थेट बंदरात पोहोचतात. निघताना रिकाम्या पिशव्या मोजून परत न्या.

पुढची तीन वर्षं

लावणीला शंभर माणसं येतात, खुरपणीला पाच. रोपं बहुतेक याच काळात मरतात. तण त्यांना झाकून टाकतं आणि कुणाला पत्ताच नसतो. म्हणून लावणीच्या दिवशीच काठाचे तुकडे पाडा आणि एकेक तुकडा एकेका घराकडे, वर्गाकडे किंवा मंडळाकडे सोपवा. वर्षातून निदान दोनदा रोपाभोवतालचं हातभर तण काढायचं. प्रत्येक रोपाशेजारी काठी रोवलेली असली, तर रोप सापडतं आणि विळ्याखाली जात नाही. पुढच्या हंगामात मेलेली रोपं मोजा, ती कशाने मेली ते लिहा आणि मग नांग्या भरा, म्हणजे त्यांच्या जागी नवी रोपं लावा. एकच जात सगळीकडे मरत असेल, तर तीच पुन्हा लावू नका.

बंदराची नोंदही ठेवा. २० सेंटिमीटरची तबकडी घ्या, तिचे चार भाग आळीपाळीने काळे-पांढरे रंगवा, खाली वजन बांधा आणि खुणांच्या दोरीने पाण्यात सोडा. ती दिसेनाशी होते त्या खोलीचा आकडा वहीत टिपा. अँजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये अशाच, पण पांढऱ्या तबकडीने समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता मोजली होती. दर महिन्याला, त्याच जागी, भरतीच्या त्याच टप्प्यावर मोजायचं. दोन-तीन वर्षांत आकडा हलला नाही, तर खचू नका, कारण आधीचा गाळ तळाशी आहेच आणि वाऱ्या-लाटांनी तो ढवळत राहतो. ओढ्यांच्या बरण्यांत फरक आधी दिसेल. काही वर्षांनी काठावरची झुडपं बी धरायला लागतील. पुढच्या ओढ्यासाठी त्यांचंही बी गोळा करायला लागा.