मुंबईहून चेन्नईच्या रेस ट्रॅकला जाताना

मुंबईकरांनो, गाड्यांची शर्यत बघायला चेन्नईला निघालात, तर मुक्काम शहरात करू नका. ट्रॅक आहे इरुंगट्टुकोट्टईला, श्रीपेरंबुदूरच्या अलीकडे, बंगळुरूकडे जाणाऱ्या हायवेलगत. शहरापासून सुमारे ४० किलोमीटर. विमानतळही त्याच अंगाला, म्हणून उतरल्यावर सरळ श्रीपेरंबुदूर किंवा पूनमल्ली गाठा आणि तिथेच खोली घ्या. रेल्वेने गेलात तर जवळजवळ अख्खा दिवस प्रवासात जातो, तेव्हा शुक्रवारी सकाळी सुटून चालणार नाही. गुरुवारीच निघा.

परतीचं मात्र आधी ठरवा. सकाळी टॅक्सी सहज मिळते. संध्याकाळी सगळे एकदम बाहेर पडतात आणि हायवेवर हात करत उभं राहावं लागतं. सकाळच्याच ड्रायव्हरला परतीची वेळ सांगून ठेवा.

आणि एक, आपल्याकडे ऑक्टोबरात पाऊस संपतो, तिकडे तेव्हा सुरू होतो. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, मागच्यांना ट्रॅक दिसतो. लहान मूल बरोबर असेल तर इअरप्लग हवेतच. कापसाचे बोळे पुरत नाहीत. सरळ रस्त्यावरून गाड्या सुटल्या की आवाज छातीत घुमतो.