कर्ज मंजुरीला एआय लावताय? मग त्याच्यावर लक्ष ठेवायचं असं

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सहकारी बँकांच्या संचालकांसाठी आणि शाखेत अर्ज घेणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. कर्जाच्या अर्जाला स्कोर देणारं सॉफ्टवेअर घ्या, हरकत काहीच नाही, पण अर्ज नाकारला तर ग्राहकाला उत्तर बँकेने द्यायचंय, व्हेंडरने, म्हणजे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने नाही, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा.

आधी एक वही घाला. बँकेत कुठे कुठे एआय आहे ते लिहून काढा, कर्जाचा स्कोर, केवायसीत चेहरा जुळवणं, संशयास्पद व्यवहाराचे अलर्ट, चॅटबॉट, सगळं. प्रत्येकासमोर बँकेतल्या एका माणसाचं नाव हवं, "आयटी विभाग" असं लिहून चालणार नाही. आरबीआयने नेमलेल्या समितीचा, आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य अध्यक्ष होते तिचा, बँकांनी एआय जबाबदारीने कसं वापरावं हे सांगणारा फ्री-एआय रिपोर्ट ऑगस्ट २०२५ मध्ये आला, त्यात ७ सूत्रं आणि २६ शिफारशी आहेत, बोर्डाने मंजूर केलेलं एआय धोरण आणि ही असली यादी दोन्ही त्यात आहे. त्या शिफारशी आहेत, पण नियमाची वाट कशाला बघायची?

आता खरं काम. फेडून बंद झालेली आणि थकलेली अशी दोन्ही जुनी कर्जं काढा, तेव्हाची कागदपत्रं मशीनला, म्हणजे या स्कोरच्या सॉफ्टवेअरला द्या आणि ते काय म्हणतं ते बघा. होडीवाल्याचं खातं मुद्दाम घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे खात्यात लिलावाचे पैसे शून्य, उलट जाळी शिवायला, इंजिनच्या कामाला पैसे बाहेर जातायत, आणि महिन्याच्या पगारावर शिकलेलं मॉडेल याला सरळ "अनियमित उत्पन्न" म्हणणार. आंबा बागायतदाराचंही तेच, फवारणीचा खर्च हिवाळ्यापासून, पेटीचे पैसे मार्च ते मे. हा माणूस वर्षानुवर्षं व्यवस्थित हप्ते भरतोय आणि मशीन त्याला लाल दाखवतंय असं दिसलं तर व्हेंडरला सांगा की वर्षभराचं उत्पन्न धरा आणि हप्ता हंगामाला बांधा. तो म्हणाला की मॉडेल बदलता येत नाही, तर ते मॉडेल तुमच्या कामाचं नाही.

सामाईक सातबाऱ्याचंही तपासा. वीस हिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईला, पत्त्यात घर नंबर नाही फक्त वाडीचं नाव, आणि एकाच नावाचे दोन चुलतभाऊ. एकाची थकबाकी दुसऱ्याच्या सिबिलला चिकटली असेल तर मशीनला ती चूक कळणारच नाही. अशा अर्जात शाखाधिकाऱ्याने माणूस समोर बसवून बघावंच, आणि ग्राहकाला सांगावं की सिबिल रिपोर्टमधल्या चुकीची तक्रार केल्यापासून ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

नकार देताना कारण लेखी द्या आणि मराठीत द्या. "सिस्टीमने रिजेक्ट केलं" हे कारण नव्हे. मशीनचं ऐकलं नाही तरी का नाही ते रजिस्टरला लिहा, मंजुरी असो की नकार, कारण ओळखीने मंजूर झालेली कर्जंही त्यातच दिसतात. सगळेच शाखाधिकारी मशीनचं शंभर टक्के ऐकतायत असं दिसलं तर ते नुसता शिक्का मारतायत, त्यांच्याशी बोला.

करारात तीन गोष्टी घालून घ्या: ऑडिटचा हक्क, मॉडेल बदलण्याआधी लेखी कळवणं आणि ग्राहकांचा डेटा दुसरीकडे न वापरणं. सही करायच्या आधी, नंतर कोणी देत नाही.

तपासणी वर्षातून दोनदा तरी ठेवा, एक जूनमध्ये आंब्याचा हिशोब संपल्यावर आणि एक ऑगस्टमध्ये होड्या परत सुटल्यावर. नाकारलेले अर्ज गाव आणि धंद्याप्रमाणे लावून बघा, एखाद्या बंदरावरचेच अर्ज जास्त पडत असतील तर त्या बंदरापुरता स्कोर बंद करून जुन्या पद्धतीने कर्ज कमिटीपुढे घ्या, आणि हे बंद करायचा अधिकार कोणाला ते ठरावात नावानिशी लिहा.